टिपणीस मास्तरांच्या वह्या

“पावणेदोनपट वेगाने ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं की नाही, बुवा?”

“कोण धरणार?”

“कोणीही. लोक. तुम्ही.”

“मी धरत नाही आणि सोडतही नाही,” रेवणबुवा म्हणाले. “आधी पाणी पी.”

वैशाखातली दुपार होती. रोह्याच्या पुढे खाडीच्या अंगाला आमचा लहानसा मठ आहे. त्याच्या ओसरीवर त्या दिवशी पान हलेल एवढाही वारा नव्हता. मी भिंतीला टेकून परात घेऊन बसलो होतो. परातीत कोमट पाण्यात मोड आलेले वाल होते, आणि मी त्यांची सालं काढत होतो. संध्याकाळी डाळिंब्यांची उसळ करायची होती.

मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. आता मठात स्वयंपाक करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देतो. खरं सांगायचं तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. प्रत्येकाला वाटतं, आपला प्रश्न जगात पहिल्यांदाच कुणाला तरी पडलाय. बुवा एकोणऐंशीचे आहेत. त्यांनाही कंटाळा येत असणार, पण ते दाखवत नाहीत.

आजचा पाहुणा हेरंब टिपणीस. वय बेचाळीस, पुण्याहून एकटाच गाडी चालवत आलेला. हा पुस्तकांवर भाषणं देतो. वाचनालयं, महाविद्यालयं त्याला बोलावतात. गेल्या वर्षी दोनशे चौदा पुस्तकं कानांनी ऐकून संपवली, हे त्याने पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधीच सांगितलं.

बुवांनी नुसती मान हलवली.

मग तो बराच वेळ बोलला. अक्षर नंतर आलं, कान आधीपासून होता. पूर्वी सगळं ज्ञान ऐकूनच घेत असत. मग ऐकणाऱ्याला कमी का लेखायचं, वगैरे. त्याचं बोलणं चांगलं होतं. बऱ्याच ठिकाणी केलेलं असावं.

“बरोबर आहे तुझं,” बुवा म्हणाले.

त्याने तांब्या खाली ठेवला. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी बरोबर म्हटलं की त्याची पंचाईत होते.

“मग इतक्या उन्हात कशाला आलास?”

हेरंबने पिशवीतून वह्या काढल्या. पाच जाड वह्या, पुठ्ठ्याच्या, सुतळीने बांधलेल्या.

“बाबांच्या आहेत,” तो म्हणाला.

त्याचे वडील टिपणीस मास्तर. त्यांना आम्ही सगळेच ओळखत होतो. शेजारच्या गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं. दर गुरुवारी सायकलवरून मठात यायचे, बुवांची पोथी ऐकायचे आणि न जेवता जायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटची काही वर्षं ते काहीतरी लिहीत असत, एवढं आम्हाला माहीत होतं.

ते हे होतं. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘आधी हेरंबने वाचावं, मग त्याच्या आईने.’

आई म्हणजे कुसुमताई. आता शहात्तर वर्षांच्या. नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी तीन वर्षांत वहीला हात लावला नव्हता. दर रविवारी फोनवर त्या मुलाला एकच विचारायच्या, झाल्या का रे वाचून. तो म्हणायचा, चाललंय.

“आणि कुठवर चाललंय?” बुवांनी विचारलं.

“एकोणीस पानं.”

“तीन वर्षांत.”

“तीन वर्षांत.”

परातीतल्या पाण्यावर सालं तरंगत होती. मी ती मुठीने बाजूला काढली.

मग हेरंब पुन्हा बोलायला लागला. या वेळी भाषण नव्हतं. त्याने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी, वडील गेल्यावर, तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी निदान केलं, एडीएचडी. लहानपणापासूनच आहे, म्हणाले. लक्ष नसतं असं नाही, ते जागेवर थांबत नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कामं होतात, पण छापील पान अजून सरकत नाही.

“डोळे ओळींवरून चालत राहतात, बुवा. पानाच्या तळाशी पोचतात. मी मात्र तिसऱ्या ओळीलाच उतरून गेलेला असतो. मग पुन्हा वर जायचं. पुन्हा तेच.”

हे मला कळलं. झोपेत आपला थांबा मागे टाकणारी माणसं मी रोज पाहिली आहेत. त्यांची चूक नसते आणि त्यांना घरीही पोचता येत नाही.

ऐकायला लागल्यावर त्याचं आयुष्य सुधारलं होतं. आवाज भरभर चालला की मनाला पळायला फट मिळत नाही. हरवलं तर बोटाने तीस सेकंद मागे. असं त्याने सगळं शिकून घेतलं होतं, आणि लोक त्याला वाचणारा माणूस म्हणून ओळखत होते. आईसुद्धा.

“तिला माहीत नाही?”

“मास्तरांचा मुलगा आहे मी. तिला कसं सांगू, की मला वाचता येत नाही?”

त्याचं मागणं साधं होतं. बाबांचं अक्षर तिरपं, दाट. यंत्राला ते वाचता येत नाही. परक्याच्या हातात वह्या द्यायच्या नव्हत्या. बुवांनी त्या मोठ्याने वाचाव्यात, तो फोनवर आवाज भरून घेईल, गाडीत ऐकेल, महिन्याभरात संपवेल. मग आईला वह्या देता येतील.

“आईला एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलंय,” तो म्हणाला. “दुसऱ्याचं काही सांगता येत नाही.”

बुवांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

“वाचतो,” ते म्हणाले. “तो फोन आत ठेव.”

“आवाज भरायला नको?”

“मला समोर हुंकार लागतो. त्याच्याशिवाय वाचलेलं नाही कधी.”

आमच्या मठातली ही जुनी रीत आहे. कथा असो, पोथी असो, समोरच्याने मधून मधून ‘हं’ म्हणायचं. हुंकार आला की सांगणारा पुढे जातो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. हेरंबने लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून हे पाहिलं होतं. तो फोन गाडीत ठेवून आला, बुवांसमोर मांडी घालून बसला आणि पोथीपुढे बसावं तसे त्याने हात जोडून मांडीवर ठेवले.

“पहिल्यापासून वाचतो,” बुवा म्हणाले.

मास्तरांचं लिहिणं साधं होतं. गाव, नदी, शाळेचं गळकं छप्पर, पहिला पगार. बुवा वाचत होते. हेरंब ‘हं’ म्हणत होता. दुपार कलत नव्हती.

“हं.”

“हं.”

मग बुवा वाक्याच्या मध्येच थांबले. वहीवरची नजर काढून त्यांनी समोर पाहिलं.

“हं,” हेरंब म्हणाला.

बुवा गप्प.

“हं.”

माझा हात पाण्यातच राहिला. वहीतलं कुणी काही वाचत नव्हतं, आणि ठरल्या वेळी हुंकार येत होता. मी पाच मोजले. सहाव्याला हेरंबच्याच लक्षात आलं.

त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता उठून जाईल. अशा जागी पुष्कळजण उठून जातात.

“कधीपासून देतोस असा?” बुवांनी विचारलं.

“शाळेपासून.” तो खाली बघत होता. “सगळ्यांना देतो. ऑफिसात, घरी, बायकोला. तिला आता ओळखता येतो. ती थांबते आणि स्वयंपाकघरात निघून जाते.”

“दमत नाहीस?”

ओसरीवर माशा घोंघावत होत्या…

“फार दमतो,” तो म्हणाला. “बुवा, मी इतका दमलोय ना, की मला हे सगळं बंद करून नुसतं झोपावंसं वाटतं.”

“मग हुंकार देऊ नकोस.”

“आणि तुम्ही वाचणार कसे?”

“उलट करू. तू गप्प बस, मी वाचत राहीन. जिथे हरवशील तिथे नुसतं म्हण, हरवलो. मी मागे येईन.”

“दर दोन ओळींना म्हणावं लागेल.”

“म्हण.”

आणि तसंच झालं. दर दोन ओळींना नाही, पण पानात सहा-सात वेळा नक्की. हरवलो. बुवा मागे जात, बोटाने ओळ शोधत, तेच पुन्हा वाचत. हरवलो. पुन्हा मागे. मास्तरांनी पहिल्या पगारात स्वतःच्या आईसाठी घेतलेली सतरंजी मी चार वेळा ऐकली. हेरंब अवघडून बसला होता. गुडघा हलायचा, तो हाताने दाबायचा, मग दुसरा हलायचा. दर वेळी ‘हरवलो’ म्हणताना त्याचा आवाज लहान होत होता.

मला वैताग आला, हे लपवत नाही. बुवांच्या घशाची काळजी वाटत होती. या माणसासाठी एवढं कशाला, असंही मनात आलं.

बुवांनी पाणी मागितलं. मी दिलं.

“साठ वर्षं वाचतोय,” ते मलाच म्हणाले, त्याला नाही. “समोरचे हं म्हणत गेले, मी वाचत गेलो. त्यातले किती कुठे उतरून गेले, कुणास ठाऊक. मला एकाने कधी सांगितलं नाही.”

मीही इतक्या वर्षांत किती गुरुवारी न ऐकताच हं म्हटलंय, ते मला ठाऊक आहे.

बुवा हेरंबकडे वळले. “तू ती पुस्तकं ऐकतोस, तेव्हा काय करत असतोस?”

“भांडी घासतो. कपड्यांच्या घड्या घालतो. गाडी चालवतो. नुसतं बसून ऐकलं तर एक वाक्य टिकत नाही.”

“मग इथे हात बांधून का बसलास?”

“वाचन चाललेलं असताना…” तो गडबडला. “बाबांनी शिकवलं होतं. हात जोडून, पाठ ताठ. चाळे केलेले चालायचे नाहीत त्यांना.”

“मास्तरांना चालायचे नाहीत. मला चालतात.” बुवांनी माझ्याकडे पाहिलं. “कंडक्टर, परात त्याच्यापुढे सरकव.”

मला ते आवडलं नाही. पुण्याची माणसं डाळिंबी दाबतात आणि दोन तुकडे करून ठेवतात. पण बुवांचा शब्द. मी परात सरकवली. हेरंबने बाह्या दुमडल्या, पाण्यात हात घातला. पहिले दोन-तीन दाणे फुटले. मग त्याच्या हाताला आठवलं. टिपणिसांच्या घरचाच तो, लहानपणी आईजवळ बसून मणभर सोलल्या असतील. चिमटीत दाणा धरायचा, हलकेच दाबायचं, डाळिंबी अख्खी बाहेर.

बुवा वाचू लागले.

एक पान गेलं. त्याने एकदाच ‘हरवलो’ म्हटलं. पुढचं पान गेलं. गुडघा हलत नव्हता. त्याची नजर वहीवर नव्हती, बुवांवर नव्हती, परातीत होती, आणि तरी मला बसल्या जागी कळत होतं की हा माणूस आता गाडीत आहे.

एकोणिसावं पान झालं. विसावं झालं. तो तीन वर्षांत जिथवर पोचला होता, त्याच्या पुढे आता मास्तर चालले होते. मुलाला तिथला एक शब्दही ठाऊक नव्हता.

तेविसाव्या पानावर बुवांचा आवाज जरा खाली आला. पुढची ओळ त्यांनी आधी डोळ्यांनी वाचली असावी. पण ते थांबले नाहीत.

‘हेरंब तिसरीला माझ्याच वर्गात होता. धडा वाचायला उभा केला की एकच ओळ तीन-तीनदा वाचायचा. पोरं हसायची. मास्तरांचाच मुलगा, म्हणून मला लाज वाटे. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारी आणि सांगे, बोट ओळीवर ठेव. एके दिवशी त्याने बोट ओळीवर ठेवलं. इतकं दाबून ठेवलं की नख पांढरं झालं. तरी त्याला ओळ सापडेना. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो लबाडी करत नव्हता. त्याला येत नव्हतं. हे मला त्याच दिवशी कळलं. कळलं, आणि तरी मी पट्टी मारली.’

बुवा थांबले.

हेरंबचे हात पाण्यात होते. हलत नव्हते.

खाडीवरून एक होडी गेली, तिचं इंजिन लांबपर्यंत ऐकू आलं…

“हरवलास?” बुवांनी विचारलं.

“नाही.”

त्याने परातीतून नजर उचलून वहीकडे पाहिलं.

“पुन्हा वाचा,” तो म्हणाला.

बुवांनी पुन्हा वाचलं. पहिल्यापेक्षा सावकाश. पट्टी मारली, या शब्दांपर्यंत आले आणि वही मांडीवर ठेवली. हेरंब रडत होता. आवाज नव्हता. हात तसेच पाण्यात ठेवून, लहान मुलासारखं नाक ओढत तो रडत होता. मघाशी मनात काय काय म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली.

“त्यांना माहीत होतं,” हेरंब म्हणाला. “मला डॉक्टरांकडून कळेपर्यंत एकोणचाळीस वर्षं गेली… त्यांना मी आठ वर्षांचा असतानाच माहीत होतं.”

बुवांनी त्याला समजावलं नाही. मास्तरांची बाजूही घेतली नाही. मास्तर चांगले होते, त्या काळी सगळेच मारायचे, असं मी म्हणणार होतो. बुवांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प बसलो.

ऊन ओसरीवरून उतरलं. मी परात उचलून आत ठेवली, चूल पेटवून बाहेर आलो. तोवर हेरंबने हात-तोंड धुतलं होतं. तो थकलेला दिसत होता, पण दुपारी आला होता तसा नाही. बुवा वह्या सुतळीने बांधत होते. एक वही मात्र त्यांनी बाहेर ठेवली होती.

“उद्या किती वाजता बसायचं?” हेरंबने विचारलं.

“उद्या नाही.”

“मग परवा?”

“माझा आवाज आता पुरायचा नाही, पोरा. वह्या घेऊन आईकडे जा. तिला वाचायला सांग. तू तिच्याजवळ बस. हाताला काहीतरी काम घे. हरवलास की तिला सांग.”

“तिला सांगायचं, की मला येत नाही?”

“मला सांगितलंस तसंच.”

“तुम्हाला सांगणं सोपं होतं.”

“हो,” बुवा म्हणाले. “होतं.”

तो पायरीवर बसला. मग त्याला आधार सापडल्यासारखं झालं. तो म्हणाला, तसं करता येणार नाही. बाबांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, आधी हेरंबने, मग आईने. आई ते मोडणार नाही. त्यांची अट आहे, आणि ती आपण पुरी केली पाहिजे, कितीही वर्षं लागोत.

“ती झाली,” बुवा म्हणाले.

“कुठे झाली? पाच वह्या आहेत, बुवा. आज तेवीस पानं झाली.”

“तुझ्यापुरतं झालं.”

“कशावरून? तुम्ही पुढचं कुठे वाचलंय?”

“नाही वाचलं.”

“मग कशावरून?”

बुवांनी बाहेर ठेवलेली वही उघडली. तेविसावं पान काढलं, वही फिरवून त्याच्यासमोर धरली आणि ‘पट्टी मारली’ या शब्दांनंतर बोट टेकवलं. हेरंब वाकून बघू लागला. मीही दारातून मान लांब केली.

“हे ऐकून कळायचं नव्हतं. बघ,” बुवा म्हणाले. “इथवर निळी शाई आहे. पुढच्या ओळीपासून काळी. तुला सांगायचं ते सांगून मास्तर इथून उठून गेले होते.”